जमील, टीम सिलेक्शन आणि भारताची फुटबॉल टीम: बडोद्यात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दांडिया बाजार, मांजलपूर, कारेलीबाग, जिथे कुठे चार मराठी माणसं एकत्र बसून भारताची फुटबॉल मॅच बघतात तिथे मॅच संपल्यावर तेच तेच प्रश्न येतात, आणि दर वेळी कोणीतरी मधूनच सुरू करतं, कोणीतरी अर्धवट सोडतं, चहा गार होतो आणि मुद्दा तिथेच राहतो. म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढलंय. हे २०२५ च्या नोव्हेंबरातल्या, बांगलादेशविरुद्धच्या ढाक्याच्या मॅचनंतरचं लिखाण आहे. मत आमचं आहे, स्कोअर आणि तारखा जशा आहेत तशा दिल्यात.

टीम निवडतं कोण? सिलेक्शन कमिटीत कोण कोण आहे?

हा प्रश्न बहुतेक घरातल्या काकांचा असतो आणि तो बरोबरच आहे, कारण आपल्या बडोद्याला सिलेक्शनचे वाद क्रिकेटमधून माहीत आहेत. हजारेंपासून मोंगियापर्यंत आणि पठाण, पांड्यांपर्यंत आपण कायम हेच बोलत आलो की कमिटीत आपला माणूस आहे का, कोणी कोणाला ढकललं. फुटबॉलमध्ये तशी कमिटी टीम ठरवत नाही. २३ खेळाडू कोण, ११ कोण, कॅप्टन कोण, कोण कधी आत येणार, हे सगळं हेड कोच ठरवतो आणि म्हणूनच शिव्याही त्यालाच पडतात. फेडरेशनचं काम कोच नेमणं, कॅम्प लावणं, मॅचेस मिळवणं आणि क्लबांशी बोलणं. पण या दुसऱ्या यादीतलं काही बिघडलं ना, की पहिल्या यादीतला माणूस कितीही हुशार असू द्या, त्याचे हात बांधलेलेच राहतात. खालच्या अर्ध्या प्रश्नांचं उत्तर इथेच आहे.

खालिद जमीलच का? एवढे अर्ज आले होते म्हणतात ना?

हेड कोचच्या जागेसाठी १७० अर्ज आले होते. शेवटच्या तिघांत जमील, आधी दोनदा भारताचा कोच राहिलेला स्टीफन कॉन्स्टंटाइन आणि स्लोव्हाकियाचा श्तेफान तारकोविच. १ ऑगस्ट २०२५ ला जमीलचं नाव जाहीर झालं. २०११-१२ मधल्या सावियो मेदेइरानंतर पहिल्यांदाच भारतीय माणूस पूर्णवेळ हेड कोच झाला, त्यामुळे आम्हाला तेव्हा खरंच खूप आनंद झाला होता आणि तो आनंद आजही चुकीचा वाटत नाही.

जमीलचा जन्म कुवेतचा, पण फुटबॉल सगळा मुंबईचा. महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया, मुंबई एफसी, मग त्याच मुंबई एफसीचा अनेक वर्षं कोच. २०१६-१७ ला त्याने आयझॉलसारख्या छोट्या क्लबला आय-लीग जिंकून दिली, पैसा नाही, मोठी नावं नाहीत, तरी मोहन बागान, बेंगळुरू, ईस्ट बंगालला मागे टाकून. पुढे नॉर्थईस्टला मध्येच हातात घेऊन प्लेऑफला नेलं, जमशेदपूरला २०२५ च्या सुपर कपच्या फायनलला नेलं. कमी साहित्यात टीम उभी करणारा माणूस अशी त्याची ओळख आहे, आणि भारताची टीम म्हणजे कमी साहित्यच आहे, त्यामुळे निवड अगदी योग्य होती असं आम्ही म्हणतो.

मानोलो मार्केजचं काय बिनसलं होतं?

जमीलच्या आधीचा हा कोच. ८ मॅच, १ विजय, ४ ड्रॉ, ३ पराभव. तो एक विजय शिलाँगला मालदीवविरुद्ध, ३-०. बरं, पहिलं वर्षभर तो एफसी गोवाचाही कोच होता आणि भारताचाही, दोन्ही एकाच वेळी, आणि हे फेडरेशनने स्वतः मान्य केलं होतं. आम्हाला ते पहिल्या दिवसापासून खटकलं. क्लबचा कोच रोज सकाळी आपल्या पोरांना बघतो, त्याला बाकीच्या बारा क्लबांचे खेळाडू बघायला वेळ कुठून येणार. २०२७ च्या एशियन कपच्या क्वालिफायरला मार्च २०२५ मध्ये शिलाँगलाच बांगलादेशशी ०-० झालं, जूनमध्ये हाँगकाँगला शेवटच्या क्षणी पेनल्टीवर ०-१ हरलो आणि जुलैत तो गेला. माणूस वाईट नव्हता, आयएसएलमधलं, म्हणजे देशातल्या सगळ्यात वरच्या क्लब लीगमधलं, त्याचं काम फार चांगलं आहे. व्यवस्थाच वाईट होती.

आणि स्टिमाक? २०२३ ला तर आपण भारी खेळत होतो!

मार्केजच्या आधी स्टिमाक कोच होता. आणि हो, खेळत होतो. २०२३ ला इंटरकॉन्टिनेंटल कप जिंकला, सॅफ, म्हणजे दक्षिण आशियाची स्पर्धा, जिंकली, जुलैमध्ये फिफा रँकिंगला ९९ वर गेलो. नंतर जानेवारी २०२४ च्या एशियन कपमध्ये ऑस्ट्रेलिया ०-२, उझबेकिस्तान ०-३, सीरिया ०-१, म्हणजे तीन मॅचमध्ये एकही गोल नाही. मार्चमध्ये गुवाहाटीला अफगाणिस्तानकडून १-२ हरलो आणि जूनमध्ये कतारकडून १-२. त्यातला कतारचा पहिला गोल बॉल लाइनच्या बाहेर जाऊन परत आणून मारला होता, ते आठवलं की अजून राग येतो. पण रागाने हिशोब बदलत नाही, वर्ल्ड कप क्वालिफायरच्या तिसऱ्या राउंडचा रस्ता खरं तर गुवाहाटीलाच अवघड झाला होता.

जुलै २०२५ पर्यंत रँकिंग १३३ वर आलं. दोन वर्षांत ९९ वरून १३३. जमीलने टीम घेतली ती इथे.

छेत्रीला परत का बोलावलं?

यावर सगळ्यात जास्त आवाज चढतो. मे २०२४ ला आपला जुना कॅप्टन सुनील छेत्रीने रिटायरमेंट जाहीर केली, ६ जूनला कोलकात्यात कुवेतविरुद्ध ०-० ने निरोप झाला, आणि मार्च २०२५ ला मार्केजने त्याला परत आणलं. आल्या आल्या मालदीवविरुद्ध गोल केला, तो त्याचा भारतासाठी ९५ वा. जमीलने ऑगस्टच्या काफा नेशन्स कपला (मध्य आशियाच्या फुटबॉल संघटनेची स्पर्धा) त्याला घेतलं नाही, तेव्हा निम्मे लोक चिडले. ऑक्टोबरात सिंगापूरच्या मॅचेसना घेतलं, तेव्हा उरलेले निम्मे चिडले.

आमचं म्हणणं असं की काफाला न घेणं बरोबर होतं आणि ऑक्टोबरात घेणं समजण्यासारखं होतं. २०२४-२५ च्या आयएसएलमध्ये भारतीयांमध्ये सर्वात जास्त गोल छेत्रीचेच, १४. चाळिशीतला माणूस. तुम्ही कोच आहात, पुढच्या दोन मॅचवर एशियन कप लटकलाय आणि देशात सगळ्यात जास्त गोल मारणारा भारतीय तोच आहे, तर तुम्ही त्याला घरी ठेवाल? आम्ही तरी ठेवला नसता. जो प्रश्न आपण छेत्रीवर ओरडून विचारतो तो खरं तर छेत्रीबद्दलचा नाहीच. तो पुढचा प्रश्न आहे.

मग नंबर नऊ, म्हणजे मधला स्ट्रायकर, कोण?

इथे थोडं सावकाश वाचा, कारण आमचं सगळं म्हणणं इथेच आहे.

आयएसएलचा गोल्डन बूट, म्हणजे सगळ्यात जास्त गोल मारणाऱ्याचं बक्षीस, २०१४ पासून २०२४-२५ पर्यंत एकाही भारतीयाला मिळालेला नाही. एकदाही नाही. एलानो, मेंडोझा, मार्सेलिन्यो, कोरो, ओगबेचे, डियामांटाकोस, आणि २०२४-२५ ला नॉर्थईस्टचा अजारई २३ गोल मारून. का, तर क्लबला मैदानावर चार परदेशी खेळवता येतात आणि चारपैकी एक तरी जवळजवळ प्रत्येक क्लब स्ट्रायकर म्हणूनच आणतो. त्यात क्लबची चूकही नाही म्हणा, पैसे खर्च करायचे तर गोल मारणाऱ्यावरच करणार. पण मग भारतीय पोरगा, जो अंडर-१७ ला स्ट्रायकर होता, तो क्लबमध्ये आला की विंगवर जातो. मनवीर सिंग बघा, उंच, ताकदवान, हेडर चांगला, आणि मोहन बागानमध्ये उजव्या बाजूला पळतोय. इरफान यादवाड, विक्रम प्रताप, रहीम अली, डेव्हिड, एडमंड, या सगळ्यांना क्लबमध्ये मधोमध सलग ९० मिनिटं, सलग दहा मॅच मिळाल्या असं फार क्वचित होतं.

आणि मग फिफा विंडोमध्ये, म्हणजे देशांच्या मॅचेससाठी फिफाने ठरवलेल्या दिवसांत, हाच पोरगा भारताच्या कॅम्पला येतो आणि आपण म्हणतो, चल आता मधोमध उभा राहा आणि हाँगकाँगच्या दोन सेंटर बॅकच्या मध्ये पाठ करून बॉल धर. वर्षभर भरीत करणाऱ्या आचाऱ्याला लग्नाच्या दिवशी श्रीखंड करायला बसवल्यासारखं आहे ते. हाँगकाँगला आशिक कुरुनियनने पहिल्या हाफमध्ये मोकळा चान्स घालवला तेव्हा इथे सगळ्यांनी टीव्हीसमोर डोक्याला हात लावले. पण आशिक स्ट्रायकर आहे कुठे? तो विंगर, मध्ये काही काळ लेफ्ट बॅकसुद्धा खेळलेला.

त्यामुळे जमीलने "चुकीचा स्ट्रायकर निवडला" असं कोणी म्हटलं की आम्ही परत विचारतो, बरोबर कोण होता ते नाव सांगा, आणि तो आपल्या क्लबमध्ये त्या जागेवर किती मिनिटं खेळला तेही सांगा. अजून कोणी सांगू शकलेलं नाही. भारताच्या स्ट्रायकरचं सिलेक्शन जमीलच्या वहीत होत नाही, ते क्लबांच्या टीमशीटवर आधीच झालेलं असतं.

मग पोझिशन बदलून कोणाला पुढे खेळवायचं का?

केलंय आपण, आणि सोनं जिंकलोय. १९६२ च्या जकार्ता एशियन गेम्समध्ये सय्यद अब्दुल रहीम साहेबांनी जर्नैल सिंगला, जो पक्का डिफेंडर, ज्याच्या डोक्याला त्याच स्पर्धेत जखम झाली होती, त्याला सेमीफायनल आणि फायनलला सेंटर फॉरवर्ड खेळवलं. त्याने दोन्ही मॅचमध्ये गोल केला आणि फायनलला आपण दक्षिण कोरियाला २-१ हरवलं. पण रहीम साहेबांकडे टीम किती काळ एकत्र होती, त्यांना प्रत्येक खेळाडू किती आतून माहीत होता, ते बघा. जमीलला एका फिफा विंडोत दहाएक दिवस मिळतात, त्यातले दोन प्रवासाचे. अन्वर अली किंवा झिंगन या डिफेंडरना सेट पीसला (कॉर्नर, फ्री किक) पुढे पाठवणं वेगळं, ते तर जमील करतोच. ताजिकिस्तानविरुद्धचे दोन्ही गोल या दोघांचेच होते.

काफामध्ये तिसरे आलो, मग ऑक्टोबरात काय झालं?

काफाला पहिल्याच मॅचला ताजिकिस्तानला त्यांच्याच घरी २-१ हरवलं, गोलकीपर गुरप्रीतने पेनल्टी अडवली. इराणकडून ०-३, झिंगनच्या गालाचं हाड मोडलं, अफगाणिस्तानशी ०-०, आणि ८ सप्टेंबरला ओमानशी १-१ करून पेनल्टीवर ३-२ ने तिसरा नंबर. उदांताने बरोबरी साधली तेव्हा खरंच अंगावर काटा आला होता. आणि हे सगळं मोहन बागानच्या खेळाडूंशिवाय.

ऑक्टोबरात सिंगापूरला ९ तारखेला झिंगनला दुसऱ्या हाफच्या सुरुवातीलाच रेड कार्ड, दहा जण उरले, तरी रहीम अलीने ९० व्या मिनिटाला १-१ केलं. रहीम बेंचवरून आला होता, म्हणजे हा बदल जमीलचा, त्याचं श्रेय द्यायलाच पाहिजे. मग १४ तारखेला सिंगापूरशीच परतीची मॅच, गोव्यात फातोर्डाला.

फातोर्डाची मॅच कोच हरला की खेळाडू?

आमच्या मते इथे मात्र कोचची जबाबदारी मोठी आहे, आणि हे जमीलवर जीव असूनही म्हणतोय. छांगतेने १४ व्या मिनिटाला बॉक्सच्या बाहेरून काय गोल मारला, घरचं मैदान, पब्लिक आपलं, १-०. इथून मॅच सांभाळायची होती. सिंगापूरच्या सोंग उइ-यंगने ४४ व्या आणि ५८ व्या मिनिटाला गोल केले, दोन्ही त्याच एका माणसाने, मिडफिल्डमधून पुढे येऊन. पहिल्यांदा सुटला ते समजू, हाफ टाइमला पंधरा मिनिटं होती ना, तेव्हा कोणाला तरी सांगायला पाहिजे होतं की आता या माणसाला सोडायचं नाही, आणि गरज असेल तर एक माणूस बदलायला पाहिजे होता. झिंगन सस्पेंड होता, मान्य. नवीन जोडी मागे होती, तेही मान्य. पण मग अशा वेळी त्यांच्या पुढे बसणारा मिडफिल्डर आणखी घट्ट हवा होता, तो नव्हता. हे क्लबांवर ढकलता येत नाही, फेडरेशनवरही नाही.

त्या मॅचनंतर ४ मॅचमध्ये २ पॉइंट आणि एशियन कप २०२७ संपला. ग्रुपमधून एकच टीम जाणार होती. २०१९ आणि २०२३ ला आपण होतो, आता नाही. त्या रात्री आमच्या इथे कोणी जेवायला उठत नव्हतं.

ढाक्याची हार किती मनाला लावून घ्यायची?

लावून घ्या. १८ नोव्हेंबर, ०-१, मोरसालिनचा सुरुवातीचा गोल. बांगलादेश आपल्याला २००३ नंतर पहिल्यांदा हरवू शकला. क्वालिफिकेशनच्या हिशोबाने मॅचला अर्थ नव्हता असं म्हणणारे आहेत, पण देशाच्या जर्सीत अर्थ नसलेली मॅच नसते. जमीलने नवीन पोरांना संधी दिली हे मात्र योग्यच. बाहेर पडल्यावरही तीच जुनी नावं खेळवली असती तर जास्त वाईट वाटलं असतं.

गुरप्रीत की विशाल कैथ?

कैथ. तो आयएसएलचा गोल्डन ग्लोव्ह, म्हणजे सर्वोत्तम गोलकीपरचं बक्षीस, दोनदा जिंकलेला आहे आणि पायाने खेळायला गुरप्रीतपेक्षा शांत आहे. हाँगकाँगची शेवटची पेनल्टी त्याच्या फाउलवर गेली म्हणून लोक त्याला कायमचा दोषी धरतात, ते बरोबर नाही. गुरप्रीतने काफामध्ये जे केलं ते विसरता येणार नाही, त्यामुळे जमीलने त्याच्यावर विश्वास ठेवला यात चूक काढत नाही. आमच्यातही यावर एकमत नाही, लिहिणाऱ्याचं मत कैथ.

क्लब खेळाडू सोडत नाहीत म्हणजे नक्की काय?

फिफाच्या ठरलेल्या विंडोत क्लबला खेळाडू सोडावाच लागतो. विंडोच्या बाहेर सोडायचा की नाही ही क्लबची मर्जी. काफाचे बरेच दिवस विंडोबाहेर होते म्हणून मोहन बागानने खेळाडू दिले नाहीत. २०२३ च्या हांगझोऊ एशियन गेम्सला तर याहून वाईट झालं होतं, क्लबांशी बोलता बोलता टीम शेवटपर्यंत ठरेना, चीनविरुद्धच्या मॅचच्या आदल्या दिवशी आपली पोरं तिथे पोचली आणि १-५ हरली. त्या टीमसाठी स्टिमाकला दोष देणारे आम्हाला भेटतात, तेव्हा खरंच वाईट वाटतं.

आणि २०२५ ला तर लीगच ठरलेल्या वेळी सुरू झाली नाही. फेडरेशन आणि लीग चालवणारी कंपनी यांचा करार संपत आला, नवा ठरेना, सप्टेंबर गेला, ऑक्टोबर गेला. ऑक्टोबरात सिंगापूरशी खेळलेल्या आपल्या बहुतेकांच्या पायाखाली लीगची एकही मॅच नव्हती. कोच काय बघून फॉर्म ठरवणार?

जमील फार डिफेन्सिव्ह आहे का?

आहे, आणि तो कधी लपवतही नाही. मागे गर्दी, लांब बॉल, सेट पीस, दुसऱ्या बॉलसाठी धावपळ. आयझॉल असो की जमशेदपूर, तो असाच खेळलाय. ओमान, ताजिकिस्तान यांच्याशी हे चालतं, कारण बॉल त्यांच्याकडेच असतो. अडचण येते ती सिंगापूर, बांगलादेश आपल्यापुढे मागे बसले की. तिथे आपल्याला बॉल घेऊन दार उघडायचं असतं आणि त्याची तयारी या टीमची दिसत नाही. यावर जमीलला काम करावंच लागेल, इथे सबब नाही.

बाहेर देशात वाढलेले भारतीय वंशाचे खेळाडू?

भारताकडून खेळायचं तर भारताचा पासपोर्ट लागतो, परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं ओसीआय कार्ड चालत नाही. बेंगळुरूच्या रायन विल्यम्सने ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट सोडून भारताचं नागरिकत्व घेतलं आणि नोव्हेंबरात कॅम्पला आला. कागदपत्रं पूर्ण न झाल्यामुळे ढाक्याला खेळू शकला नाही. स्वतःच्या देशाचा पासपोर्ट सोडून येणाऱ्या माणसाला "बाहेरचा" म्हणू नका एवढी विनंती.

गुजरातचा कोणी का नाही टीममध्ये?

कारण पोरगा सहा वर्षांचा असताना आपण त्याच्या हातात बॅट देतो. बडोद्यात मैदानं आहेत, पोलो ग्राउंडवर संध्याकाळी जाऊन बघा किती पोरं खेळतात. २०२४ ला गुजरात सुपर लीग सुरू झाली, त्यात वडोदऱ्याच्या नावाची टीम आहे. पण वर्षभर चालणाऱ्या वयोगटाच्या लीग हव्यात, मणिपूर, मिझोराम, गोव्यात असतात तशा. एका महिन्याच्या स्पर्धेतून नॅशनल टीमचा खेळाडू तयार होत नाही.

शेवटी जमीलला काढायचं की ठेवायचं?

ठेवायचं. दोन वर्षांचा करार आहे, तो पूर्ण करू द्या. २०२४ च्या जूनपासून २०२५ च्या ऑगस्टपर्यंत आपण तीन कोच बघितले आणि त्यात एशियन कप गेला. चौथा आणला तर तोही त्याच कॅम्पमध्ये, त्याच विंगरांना मधोमध उभं करून सुरुवात करणार. पण ठेवायचं म्हणजे गप्प बसायचं असं नाही. फातोर्डाच्या दुसऱ्या हाफबद्दल विचारायचं, मिडफिल्डबद्दल विचारायचं, मागे बसणाऱ्या टीमविरुद्ध काय करणार ते विचारायचं.

पुढच्या वेळी टीम जाहीर झाली की आधी काय बघायचं?

नावावर जाऊ नका. प्रत्येक खेळाडू गेल्या दोन महिन्यांत क्लबसाठी किती मिनिटं खेळला आणि कोणत्या जागेवर, ते आधी बघा. मग कॅम्प किती दिवसांचा आहे ते. त्यानंतर सेंट्रल मिडफिल्डची जोडी कोण, कारण या टीमची मॅच तिथेच सुटते. स्ट्रायकरचं नाव सगळ्यात शेवटी. आणि मॅच बघायची असेल तर दांडिया बाजारात या, ओळख नसली तरी चालेल, आत या आणि बसा.